गोळीचं बिल कोण भरतं? अमेरिकेतले जखमी कामगार आणि अफूच्या कुळातली औषधं

वॉशिंग्टन म्हटलं की आपल्याला व्हाइट हाउस आठवतं. ही गोष्ट मात्र सिॲटल ज्या राज्यात आहे, त्या वॉशिंग्टनची. तिथे कामावर दुखापत झालेल्या बहुतेक कामगारांच्या उपचारांचं बिल राज्याचं श्रम आणि उद्योग खातं भरतं. खात्याचे वैद्यकीय संचालक होते गॅरी फ्रँकलिन, मेंदू आणि मज्जासंस्थेचे डॉक्टर. २००० सालाच्या पुढेमागे त्यांना फायली चाळताना एक गोष्ट खटकायला लागली. माणूस कंबर लचकली म्हणून आलेला. उपचार सुरू, क्लेम सुरू. आणि दोन-तीन वर्षांनी फाइल बंद, कारण माणूसच गेला. आता, उसण भरून कुणी मरत नाही.

फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूचे दाखले आणि औषधांची बिलं शेजारी शेजारी ठेवली. २००५ मध्ये त्यांचा शोधनिबंध छापून आला. १९९५ ते २००२ या काळातले ३२ मृत्यू असे निघाले, की ते ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातल्या, औषधांची मात्रा चुकून जास्त झाल्यामुळे नक्की किंवा बहुधा झाले होते. ३२ हा आकडा लहान वाटेल. पण ही औषधं गल्लीतल्या कुणा दलालाकडची नव्हती. डॉक्टरांनी लिहून दिलेली, दुकानातून रीतसर घेतलेली, आणि बिल चुकतं केलं होतं ते कामगाराला बरं करायची जबाबदारी असलेल्या खात्याने.

या लेखाचा सगळा मुद्दा त्या बिलात आहे. अमेरिकेतल्या ओपिऑइड संकटाबद्दल आपण जे वाचतो त्यात औषध कंपन्या असतात, डॉक्टर असतात, फेंटानिल असतं. बिल भरणारा तिसरा कोपऱ्यात उभा असतो, त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. कामगारांच्या बाबतीत चाक फिरलं ते त्यानेच फिरवल्यामुळे.

आधी औषधाविषयी थोडं

ओपिऑइड म्हणजे अफूच्या कुळातली वेदनाशामकं. मॉर्फिन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सगळी एका घरातली. फेंटानिल पूर्णपणे प्रयोगशाळेत तयार होतं, पण काम तेच करतं. मेंदूत आणि मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पोचतो तिथे जाऊन ती तो निरोप मंद करतात. अडचण अशी, की श्वास चालू ठेवणारं मेंदूतलं केंद्रही ती मंद करतात. काही आठवड्यांत शरीराला सवय होते आणि त्याच गोळीने पूर्वीइतका आराम पडत नाही, म्हणून मात्रा वाढते. श्वासाच्या केंद्राला मात्र त्याच वेगाने सवय होत नाही. त्यात झोपेची गोळी किंवा दोन पेग पडले, की माणूस झोपतो आणि झोपेतच श्वास थांबतो.

हे डॉक्टरांना माहीत नव्हतं का? होतं. पण १९८० च्या दशकापासून हवा बदलली होती. १९८० मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं: इस्पितळात ओपिऑइड दिलेल्या रुग्णांमध्ये व्यसन क्वचितच दिसतं, एवढाच त्याचा आशय. पाच वाक्यांचं, तेही इस्पितळात भरती असलेल्या रुग्णांबद्दल. पुढची वीस वर्षं ते पत्र पाठदुखीच्या रुग्णाला महिनोन्‌महिने गोळ्या द्यायला पुरावा म्हणून वापरलं गेलं. १९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीची ऑक्सिकॉन्टिन बाजारात आली आणि व्यसनाचा धोका कमी असल्याचा प्रचार जोरात झाला. त्या प्रचाराबद्दल कंपनीने २००७ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला आणि ६० कोटी डॉलरच्या वर रक्कम भरली. पण तोवर गाडी बरीच पुढे गेली होती. वॉशिंग्टन राज्यात तर १९९९ च्या नियमात लिहूनच टाकलं होतं, की केवळ किती गोळ्या आणि किती वेळा लिहिल्या एवढ्यावरून कुठल्याही डॉक्टरवर कारवाई होणार नाही. हेतू चांगला होता. वेदनेने तळमळणाऱ्याला औषध देताना डॉक्टरचा हात थरथरू नये. परिणाम फ्रँकलिन यांच्या फायलींत दिसतच होता.

भरपाईचा जुना सौदा

अमेरिकेत 'वर्कर्स कॉम्प' म्हणतात ती व्यवस्था एका सौद्यावर उभी आहे. कामावर जखमी झालेल्या कामगाराने मालकाला कोर्टात खेचायचा हक्क सोडायचा. बदल्यात चूक कुणाची हे न विचारता मालकाच्या विम्यातून उपचारांचा पूर्ण खर्च आणि बुडालेल्या पगाराचा साधारण दोनतृतीयांश भाग मिळायचा. विस्कॉन्सिन आणि वॉशिंग्टन या राज्यांनी १९११ मध्ये असे कायदे केले, सगळ्यात शेवटी मिसिसिपीने १९४८ मध्ये. आपल्याकडचा १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा याच काळातला आणि याच विचारातून आलेला. अमेरिकेत हा विषय राज्यांचा आहे, त्यामुळे पन्नास राज्यांत पन्नास तऱ्हा. बहुतेक ठिकाणी खासगी विमा कंपन्या आहेत. वॉशिंग्टन, ओहायो, नॉर्थ डकोटा आणि वायोमिंग इथे राज्याचाच निधी चालतो.

'उपचारांचा पूर्ण खर्च' हे शब्द लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या नेहमीच्या आरोग्य विम्यात रुग्णाच्या खिशाला थोडी तरी चाट बसते. वर्कर्स कॉम्पमध्ये बसत नाही. कामगाराच्या दृष्टीने हे योग्यच आहे, जखम त्याने मागून घेतलेली नाही. पण मग गोळी घेणाऱ्याला तिची किंमत दिसत नाही, लिहिणाऱ्याला दिसत नाही, आणि ज्याला दिसते तो दूर कुठेतरी बसून शिक्के मारत असतो.

एक कामगार डोळ्यांसमोर आणू. ओहायोतल्या एका वृद्धाश्रमात काम करणारी चाळिशीतली मदतनीस. खाटेवरून घसरणाऱ्या आजोबांना सावरताना तिच्या कंबरेत कळ येते. डॉक्टर बघतात, एक्स-रेत काही नाही. फिजिओथेरपी लिहायची तर विम्याच्या माणसाची मंजुरी लागते, त्याला आठवडा, दोन आठवडे. गोळीला काहीच लागत नाही. चिठ्ठी लिहिली की तासाभरात हातात. ती पाच मिलिग्रॅम हायड्रोकोडोनच्या गोळ्या दिवसाला सहा घेते. बरं वाटतं. पगार अर्धवट, घरभाडं पूर्ण, म्हणून गोळी घेऊनच कामावर जाते आणि पुन्हा वजन उचलते. दुखणं अंगावर काढायची सवय सगळ्या कष्टकऱ्यांना असते, तिथेही आणि इथेही. तीन महिन्यांनी गोळी बदलून दहा मिलिग्रॅमची ऑक्सिकोडोन होते, दिवसाला चार.

कुणालाही हा मामुली बदल वाटेल; गोळ्या तर सहाच्या चारच झाल्या! इथेच हिशेब मांडावा लागतो. प्रत्येक ओपिऑइडचा जोर वेगळा, म्हणून सगळ्यांचं रूपांतर मॉर्फिनमध्ये करतात, जसं आपण जुन्या वजन-मापांचं किलोत करतो. हायड्रोकोडोन आणि मॉर्फिन साधारण एकास एक. सहा गोळ्या गुणिले पाच, म्हणजे रोजचं ३० मिलिग्रॅम मॉर्फिन. ऑक्सिकोडोन मात्र मॉर्फिनच्या दीडपट. चार गोळ्या गुणिले दहा, गुणिले दीड: ६०. गोळ्या कमी झाल्या आणि मात्रा दुप्पट झाली. आणखी काही महिन्यांनी चाळीस मिलिग्रॅमची ऑक्सिकॉन्टिन सकाळ-संध्याकाळ सुरू झाली, तर ८० गुणिले दीड, म्हणजे १२०. सिॲटलमधल्या एका मोठ्या आरोग्य योजनेच्या रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये आला. त्यात रोज १०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा घेणाऱ्यांना अतिमात्रेचा धोका २० पर्यंत घेणाऱ्यांच्या जवळपास नऊपट निघाला. आपली मदतनीस वर्षभरात या टप्प्यावर पोचते, आणि मधल्या प्रत्येक भेटीत डॉक्टरने थोडीशीच वाढ केलेली असते.

बरं, एवढं करून ती कामावर परतते का? फ्रँकलिन यांच्याच गटाने वॉशिंग्टनमधल्या पाठीच्या दुखापतीच्या सुमारे १,८०० कामगारांचा अभ्यास २००८ मध्ये छापला. सुरुवातीच्या सहा आठवड्यांत ज्यांना सात दिवसांहून जास्त ओपिऑइड मिळालं, त्यांची वर्षानंतरही घरी बसलेलं असण्याची शक्यता साधारण दुप्पट होती. जास्त दुखत होतं म्हणून गोळ्या जास्त, असं कुणी म्हणेल. दुखापत किती गंभीर, वेदना किती, हे हिशेबात धरूनही फरक उरला.

मोजायला काय सुरुवात केली

२००७ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या वैद्यकीय संचालकांच्या गटाने डॉक्टरांसाठी एक मार्गदर्शिका काढली. बंदी नव्हती. एक पिवळं निशाण होतं: मात्रा १२० मिलिग्रॅम मॉर्फिनइतकी होत असेल आणि तरी वेदना आणि हालचाल सुधारत नसेल, तर पुढे जाण्याआधी वेदनातज्ज्ञाचा सल्ला घ्या. देशात अशी आकड्यात बांधलेली सूचना तोवर जवळपास कुठे नव्हती. गहजब झाला. एक डॉक्टर तर कोर्टात गेला. दावा टिकला नाही.

मला त्या मार्गदर्शिकेत आकड्यापेक्षा 'हालचाल' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. तोवर प्रत्येक भेटीत एकच प्रश्न असायचा, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? या प्रश्नाला 'आठ' हे उत्तर आलं की गोळी वाढायची. आता त्याच्या जोडीला विचारायचं होतं, की जिना चढता येतो का, किती वजन उचलता येतं, किती वेळ उभं राहता येतं. गोळ्या वाढल्या आणि जिना चढता येत नाही तो नाहीच, तर गोळी काम करत नाही हे कागदावर दिसतं. २०१० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने याला कायद्याचं बळ दिलं. त्याच सुमाराला भरपाईच्या यादीतले ओपिऑइडशी जोडलेले मृत्यू खाली आले. २००९ च्या तुलनेत २०१० मध्ये ते निम्म्यावर होते.

ओहायोने दुसरी वाट धरली, जास्त सरळ आणि जास्त कठोर. तिथे भरपाईचं काम करणाऱ्या ब्यूरोने २०११ मध्ये स्वतःच्याच बिलांची छाननी केली. रोज किमान ६० मिलिग्रॅम मॉर्फिनइतकी मात्रा, किमान ६० दिवस घेणारे, म्हणजे ज्यांच्या शरीराला औषध लागलंच आहे असे कामगार किती? उत्तर आलं ८,०२९. आपली मदतनीस ऑक्सिकोडोनच्या चार गोळ्यांवर आली तेव्हाच या रेषेवर पोचली होती.

मग ब्यूरोने फॉर्म्युलरी आणली. फॉर्म्युलरी म्हणजे औषधांची यादी: यातलं औषध लिहिलं तर बिल भरू, बाहेरचं हवं तर आधी कारण सांगा. ऐकायला कारकुनी वाटतं. पण औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर काय होतं ते पाहा. फार्मासिस्ट क्लेम नंबर आणि औषध संगणकात घालतो. पूर्वी दोन सेकंदांत 'मंजूर' यायचं. आता पडद्यावर येतं, आधी परवानगी घ्या. दुकानातून डॉक्टरच्या दवाखान्यात फोन जातो. डॉक्टरला एक फॉर्म भरावा लागतो: हेच औषध का, आधी काय दिलं, त्याने काय फरक पडला. ज्याच्याकडे उत्तर आहे तो फॉर्म भरतो आणि औषध मिळतं. ज्याने नुसती सवयीने मागची चिठ्ठी पुढे ओढली होती, तो पेन हातात घेऊन क्षणभर थांबतो. सगळी सुधारणा त्या क्षणासाठी होती, असं म्हटलं तरी चालेल. गंमत अशी, की गोळीच्या वाटेवर आता तोच अडथळा आला, जो आधी फक्त फिजिओथेरपीच्या वाटेवर होता.

२०१६ मध्ये ओहायोने आणखी एक नियम केला. ओपिऑइडचं बिल हवं असेल, तर डॉक्टरने उपचारांचा आराखडा आणि व्यसनाच्या धोक्याची तपासणी दाखवायची. शिवाय ब्यूरोने पैसे भरलेल्या औषधातून कुणाला व्यसन लागलं असेल, तर ते सोडवायच्या उपचारांचा खर्चही ब्यूरोनेच करायचा. हे दुसरं कलम मला अधिक मोलाचं वाटतं. आपण दिलेल्या गोळीची जबाबदारी एका सरकारी कार्यालयाने लेखी स्वीकारली, असं रोज घडत नाही. २०१७ च्या आर्थिक वर्षाअखेरीस त्या ८,०२९ चे ३,३१५ झाले होते.

टेक्सासने सप्टेंबर २०११ पासून नव्या जखमींसाठी आणि दोन वर्षांनी जुन्या क्लेमसाठी अशीच बंद यादी लावली. कॅलिफोर्नियाची यादी २०१८ मध्ये आली. फ्लोरिडात डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यातून गोळ्या विकत, त्यातल्या जोरकस ओपिऑइडांची विक्री २०११ मध्ये बंद केली. लिहिणारा आणि विकणारा एकच असला तर चिठ्ठी कशी वाढते, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

मणक्याचं ऑपरेशन

गोळ्यांबद्दल बोलताना मणक्याच्या ऑपरेशनबद्दल बोलायला हवं, कारण कंबरेच्या दुखापतीत बऱ्याचदा गोळ्यांच्या रस्त्याचं टोक तिथे निघतं. दोन मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकायचे, याला फ्यूजन म्हणतात. गादी सरकून दुखणाऱ्या कामगारांवर ते सर्रास होत होतं. २०११ मध्ये ओहायोच्याच भरपाईच्या नोंदींवरून एक अभ्यास आला: ऑपरेशन झालेले ७२५ कामगार आणि तसंच दुखणं असूनही न झालेले ७२५. दोन वर्षांनी ऑपरेशनवाल्यांपैकी २६ टक्के कामावर होते. न केलेल्यांपैकी ६७ टक्के. आणि ज्यातून सुटायला ऑपरेशन केलं, ती रोजची ओपिऑइडची मात्रा ऑपरेशननंतर ४१ टक्के वाढली होती.

२०१८ पासून ओहायोचा नियम असा आहे, की काही अपवाद वगळता किमान ६० दिवस साधे उपचार करून पाहिल्याशिवाय कंबरेच्या फ्यूजनचे पैसे मिळणार नाहीत.

नळ बंद करताना

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की मग सगळ्या गोळ्या एका दिवसात बंद कराव्यात. तसं करणारेही निघाले. वर्षानुवर्षं मोठ्या मात्रेवर असलेल्या माणसाला एकदम तोडलं, तर अंग थरथरतं, जुलाब लागतात, झोप उडते, जुनं दुखणं दसपट होऊन परततं, आणि काही जण जीव द्यायला निघतात. काही जण बाहेरचा माल शोधतात, आणि बाहेरच्या मालात आता फेंटानिल असतं. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनीच अचानक बंद करू नका, असा इशारा दिला. देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६ मध्ये ९० मिलिग्रॅमच्या वर जाणं टाळा असं सांगितलं होतं; विमा कंपन्यांनी आणि राज्यांनी तो सल्ला पोलादी नियमासारखा राबवला, म्हणून २०२२ च्या सुधारित आवृत्तीत केंद्राला भाषा सौम्य करावी लागली. बिल भरणाऱ्याने प्रश्न विचारणं वेगळं आणि रुग्णाचं तोंड न बघता बिल नाकारणं वेगळं. ही रेष प्रत्येक राज्याने नीट ओढली, असं म्हणता येणार नाही.

आपल्याकडे चित्र उलटं आहे, हेही लक्षात असू द्या. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने मॉर्फिन इतकं अडकून पडलं, की जगाला औषधी अफू पुरवणाऱ्या देशात कॅन्सरचे रुग्ण कळवळत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची भानगड थोडी सोपी केली. अमेरिकेची ही गोष्ट वाचून कुणी घरातल्या कॅन्सरच्या रुग्णाचं मॉर्फिन थांबवू नये.

गोळीच्या जागी काय, याचं मला पटलेलं उत्तर पुन्हा वॉशिंग्टनमध्येच आहे. २००२ मध्ये सिॲटलजवळच्या रेंटन इथल्या एका केंद्रात श्रम आणि उद्योग खात्याने एक प्रयोग सुरू केला. डॉक्टरने अपघाताचा अहवाल दोन दिवसांत पाठवला तर थोडे जास्त पैसे. कामगाराच्या मालकाला फोन करून हलकं काम आहे का, विचारलं तर त्याचेही पैसे. डॉक्टर, मालक आणि खातं यांच्यात निरोप पोचवायला एक पगारी समन्वयक. म्हणजे चिठ्ठी खरडायला जसे पैसे मिळत, तसे आता बोलायलाही मिळू लागले. अशा केंद्रांत गेलेल्या कामगारांमध्ये वर्षानंतरही घरी बसून राहिलेल्यांचं प्रमाण कमी निघालं. प्रयोग मग राज्यभर पसरला.

खात्याचा एक फॉर्म आहे, डॉक्टरने भरायचा. औषधाच्या चिठ्ठीसारखाच, पण त्यावर औषध नसतं. बसणं, उभं राहणं, वाकणं, शिडी चढणं, ओझं उचलणं अशा ओळी, आणि प्रत्येकीपुढे किती वेळ चालेल त्याचे रकाने. खाली हा माणूस कामावर कधीपासून आणि कशा कामावर जाऊ शकतो, ते लिहायचं. आपली मदतनीस या फॉर्मवर पहिल्याच आठवड्यात आली असती, तर तिच्या चौकटींत बहुधा असं असतं: वाकणं क्वचित, उचलणं पाच किलोपर्यंत, रुग्ण उचलणं नाही, बसून करायचं काम पूर्ण वेळ. वृद्धाश्रमात कुणीतरी नोंदवही लिहायला आणि फोन घ्यायला लागतंच.